‘ॲक्रिमोनियस’ कुठं वापरायचा
लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या वहीत या इंग्रजी शब्दापुढं (acrimonious) नुसतं ‘कडवट’ लिहिलेलं दिसतं, आणि तिथंच घोळ होतो. कारल्याला ॲक्रिमोनियस म्हणू नकोस. चवीसाठी ‘बिटर’ आहे. डोळ्यांना झोंबणाऱ्या धुराला ‘ॲक्रिड’. ॲक्रिमोनियस लागतो तो माणसामाणसांतल्या व्यवहाराला: भांडण, चर्चा, बैठक, घटस्फोट, वाटणी.

नुसता मतभेद असला तर हा शब्द जड होतो. राग हवा, साठलेली कटुता हवी आणि ती बोलण्यातून बाहेर पडायला हवी. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं म्हटलं की नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जी तणातणी होते, तिला ‘ॲक्रिमोनियस डिस्प्यूट’ शोभतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊ कोर्टात गेले, तेही तसंच. पण एकटाच मनात कुढणारा माणूस ‘बिटर’, ॲक्रिमोनियस नव्हे. माझ्या मते हा फरक सगळ्यात महत्त्वाचा.

उच्चारताना जोर ‘मो’वर दे, ‘ॲक्रिमनी’ या नामात तो सुरुवातीच्या ‘ॲ’वर येतो. उलट अर्थाला ‘ॲमिकेबल’ लिहून ठेव. दोन्हींची स्वतःची वाक्यं कर, गावातल्याच प्रसंगांवर.