पिंग ठणठणीत, फाइल मात्र रडतखडत

प्रश्न : देवगडला आमच्या आंबा बागायतदारांच्या सोसायटीत लिनक्सचा सर्व्हर आहे. पिंग (जोडणी तपासायची छोटी चाचणी) व्यवस्थित येतं, पण बिलांची मोठी फाइल कॉपी करायला घेतली की जीव जातो. स्विचचं पोर्ट कुणीतरी '१००, फुल डुप्लेक्स' असं पक्कं करून ठेवलंय, सर्व्हर 'ऑटो'वर आहे. सर्व्हरलाही १०० फुल करू का?

उत्तर : नको. स्विचचं पोर्टच ऑटोवर आणा.

पोर्ट असं पक्कं केलं की स्विच सहसा ऑटो-निगोशिएशनच, म्हणजे दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसात ठरवणंच, बंद करतो. सर्व्हरला सिग्नलवरून १०० मेगाबिटचा वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. फुल म्हणजे एकाच वेळी ये-जा, हाफ म्हणजे आळीपाळीने. म्हणजे सर्व्हर एकेरी रुळावरच्या गाडीसारखा क्रॉसिंगला थांबतो आणि स्विच मार्ग दुहेरी समजून गाड्या सोडत राहतो. पिंगची चार चिमुकली पॅकेट्स त्यातून निभावून जातात. मोठ्या फाइलीत दोन्हीकडून एकदम रहदारी होते, पॅकेट्स आपटतात, पुन्हा पाठवावी लागतात.

खात्री करायला सर्व्हरवर 'इथटूल' (ethtool) ही कमांड आणि पुढे इंटरफेसचं नाव द्या. 'डुप्लेक्स : हाफ' दिसेल. स्विचवर त्या पोर्टचे सीआरसी एरर (बिघडून आलेल्या पॅकेट्सची मोजणी) वाढताना दिसतील.

दोन्हीकडे १०० फुल केलं तर ही टक्कर थांबेल, हे खरं. पण गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, मुकाल, आणि उद्या स्विच बदलला की हेच दुखणं परत. पक्कं करण्याची सवय जुन्या नेटवर्क कार्डांच्या काळातली. १९९५ च्या मानकानंतरची सुरुवातीची कार्डं एकमेकांशी नीट जुळत नसत. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन लागतंच. समोर १०० फुललाच अडकलेला जुना कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) असेल तरच दोन्हीकडे सारखं पक्कं करा, आणि सर्व्हरवर नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्सची नेटवर्क सेटिंग्ज सांभाळणारी प्रणाली) जतन करा. नुसत्या इथटूलने केलेला बदल रीबूटनंतर जातो.

ऑटो करूनही वेग १०० लाच अडला, तर केबल बघा. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आपल्या खाऱ्या हवेत हे फार होतं. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका कार्यालयात मी जॅक काढला, तर चौथ्या-पाचव्या पिनेवर हिरवट थर होता. १०० ला त्या पिना लागतच नाहीत, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. असा जॅक घासत बसू नका. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापा आणि नवा जॅक क्रिम्प करा.

हे काम बिलं बंद झाल्यावर संध्याकाळी करा, लिंक थोडा वेळ तुटते. आणि सर्व्हरपुढे बसूनच करा, घरून रिमोटने नको.