आधी सोनं, मग रंग

जुन्या हस्तलिखितांसारखं सोन्याचा वर्ख आणि रंग लावून तुम्ही सजवलेलं अक्षर पाहिलं. हात चांगला आहे, पण क्रम चुकलाय. रंग आधी भरलात, म्हणून वर्ख नको तिथे चिकटला. पंधराव्या शतकात पॅरिसमध्ये किंवा आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात हस्तलिखित प्रार्थनापुस्तक घडे, तेव्हा आधी मजकूर लिहून होई, मग चित्राची बारीक रेखा, मग सोनं, आणि रंग शेवटी. अर्धवट राहिलेली पानं जरूर बघा. पूर्ण पानांपेक्षा ती जास्त शिकवतात.

आता सोन्याखालचा थर. खडूसारखं मऊ प्लास्टर, कातड्याची खळ, थोडी लाल माती आणि चिमूटभर साखर किंवा मध. जुन्या कृतींत शिशाचा सफेदाही असे. तो विषारी आहे, तुम्ही अजिबात वापरू नका. थर वाळला की बारीक नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडा. साखर ओलावा धरते आणि थर क्षणभर चिकट होतो. तेवढ्यात वर्ख ठेवून दाबायचा. उशीर झाला तर पुन्हा वाफ द्या, पाणी मात्र लावू नका. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने हलक्या हाताने घोटा. तेव्हाचे कारागीर कुत्र्याचा सुळाही वापरत. थर उंच असल्यामुळे पान हलवलं की सोनं चमकतं. मेणबत्तीच्या उजेडात हे एकदा बघाच, फार सुंदर दिसतं.

हे सगळं ज्यावर करायचं ते चर्मपत्र महाग असतं. वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, अर्धचंद्राकृती सुरीने खरवडून ते बनतं. सरावाला छोटे तुकडेच घ्या.