वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातले पाच गिगाहर्ट्झ

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात इंटेलचा कोअर आय-७ ८७००के प्रोसेसर असून त्यावर मोठ्या मनोऱ्यासारखा हवेवर चालणारा कूलर बसवला आहे. मूळ सेटिंगमध्ये सर्व कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४.३ गिगाहर्ट्झ वेगाने, साधारण १.१५ व्होल्टवर चालत. जानेवारीत खोलीचे तापमान २२ अंश असताना व्हिडिओ एक्सपोर्ट करताना प्रोसेसर ६५ अंशांपर्यंत जाई. तेव्हा मी १.३५ व्होल्ट देऊन सर्व कोअर ५ गिगाहर्ट्झवर नेले. तापमान ९१ अंश झाले, पण काम सुरळीत चालले. आता मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असताना प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि वेग आपोआप घसरतो. मी लिक्विड कूलर घ्यावा, की प्रोसेसरचे वरचे झाकण काढून आतली पेस्ट बदलावी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्हींपैकी काहीही करण्याआधी व्होल्टेज कमी करावे, असे आमचे मत आहे. प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपण वेग सुमारे १६ टक्के वाढवला, तर व्होल्टेज १७ टक्के. त्याचा वर्ग धरला की विजेची, आणि म्हणून उष्णतेची, वाढ जवळजवळ ६० टक्के होते. आपल्याच नोंदी हे दाखवतात : मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसर खोलीपेक्षा ४३ अंशांनी अधिक तापत होता आणि नंतर ६९ अंशांनी.

खोलीपेक्षा किती अंश अधिक, हाच आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कूलर कितीही चांगला असला तरी तो उष्णता खोलीतल्या हवेलाच देतो, त्यामुळे खोली जितकी तापते जवळजवळ तितकाच प्रोसेसर वर सरकतो. जानेवारीतल्या २२ मध्ये ६९ मिळवले की ९१ येतात. मेमधल्या ३६ मध्ये मिळवले की १०५. मात्र या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची असल्याने तिथे पोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. म्हणजे आपल्याकडे बिघाड काहीच झालेला नाही. हिवाळ्यात ठरवलेले सेटिंग आपण नागपूरच्या उन्हाळ्यात चालवत आहात, एवढेच.

आता बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग ठरवणारा गुणक ५० वरून ४७ वर, म्हणजे ५ वरून ४.७ गिगाहर्ट्झवर, आणून व्होल्टेज १.२२ च्या आसपास ठेवून पाहावे. व्होल्टेज ‘ऑटो’वर मात्र सोडू नये, कारण गुणक वाढवलेला दिसला की अनेक मदरबोर्ड गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देऊन टाकतात. वरच्याच हिशेबाने मूळ सेटिंगच्या तुलनेत उष्णता सुमारे २३ टक्के वाढेल, फरक ५३ अंशांच्या आसपास येईल आणि मे महिन्यातही तापमान ८९-९० अंशांवर थांबावे. ५ गिगाहर्ट्झवर तासभर लागणाऱ्या एक्सपोर्टला ४.७ वर जेमतेम चार मिनिटे जास्त लागतील. ती चार मिनिटे वाचवण्यासाठी किती तापायचे, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे. आम्ही तरी तेवढ्यासाठी नवा कूलर घेतला नसता.

एकाच नावाचे दोन प्रोसेसर तंतोतंत सारखे निघत नाहीत, त्यामुळे १.२२ हा आकडा सुरुवातीपुरता समजावा. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारे सिनेबेंच हे चाचणी सॉफ्टवेअर दहा-पंधरा मिनिटे सतत चालवावे, मग प्रत्यक्षातला लांब एक्सपोर्ट करावा, आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोअरचे कमाल तापमान पाहत राहावे. निळा पडदा आला, किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत डब्ल्यूएचइए नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, त्रुटी दिसू लागल्या, तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवावे किंवा गुणक एकने उतरवावा. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झाले हे कळत नाही. ही चाचणी दुपारी दोनच्या उन्हातच घ्यावी. तापलेल्या चिपमध्ये विजेची गळती वाढते आणि तिची स्थिरताही कमी होते. पहाटे पास झालेले सेटिंग दुपारी नापास होऊ शकते.

कॅबिनेटची परीक्षा फुकटात होते. बाजूचे झाकण काढून एक एक्सपोर्ट करावा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, तर दोष कूलरचा नसून कोंडलेल्या हवेचा आहे, आणि पुढच्या बाजूला एखादा पंखा वाढवणे किंवा धुळीने भरलेली जाळी साफ करणे पुरेल. विदर्भात कूलर म्हटले की आधी वाळ्याचा कूलरच आठवतो, तर त्याबद्दलही सांगतो : कोरड्या मे महिन्यात तो खोलीचे तापमान खरोखरच उतरवतो आणि त्याचा लाभ प्रोसेसरलाही मिळतो, पण त्याचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये, कारण हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार आत जातात.

प्रोसेसरचे झाकण काढण्याबद्दल : ८७००के मध्ये चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी साधी पेस्ट असते, आणि तिथे लिक्विड मेटल लावल्यावर दहा अंशांहून अधिक फरक पडल्याचे अनेकांनी मोजले आहे. उपाय खरा आहे, पण लिक्विड मेटल वीज वाहून नेते, त्यामुळे एक थेंब भलतीकडे गेला तर शॉर्टसर्किट होते. शिवाय त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला खाते. ज्या प्रोसेसरवर रोजचे काम अवलंबून आहे, त्याच्यावर पहिला हात साफ करू नये.

प्रश्न : लिक्विड कूलर लावल्यावर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड राहील का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : राहणार नाही. लिक्विड कूलरमधले पाणी उष्णता केवळ रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि तिथे ती खोलीतल्याच हवेत सोडली जाते, त्यामुळे खोलीचे तापमान ही त्याची खालची सीमा आहे. मोठ्या रेडिएटरचा फायदा जड काम बराच वेळ चालते तेव्हा दिसतो. खोलीपेक्षा थंड करायचे तर पेल्टिए (वीज दिली की एक बाजू थंड होणारी पट्टी) किंवा फ्रिजसारखी यंत्रणा लागते, आणि कोकणातल्या दमट हवेत तिच्या थंड भागावर लगेच दव धरते. ते दव प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये उतरले तर ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, प्रश्नच उरत नाही.