गोल्फ जीटीआयवर सहा लाख ‘ऑन’ द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका सदस्यांना पुण्यात रजिस्टर झालेली, जेमतेम वापरलेली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय मिळते आहे, 2025 साली भारतात आलेल्या पहिल्या 150 मधली. मालक बिलाच्या किमतीवर सहा लाख ‘ऑन’ मागतोय आणि वर म्हणतोय, “लिमिटेड आहे, भाव वाढणारच.” खरंच वाढेल का, आणि ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्स अर्धा करून घेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

मी ग्वाल्हेरला मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाडीची किंमत काढणं हाच धंदा. माझं उत्तर: गाडी जरूर घ्या, ऑन एक रुपयाही देऊ नका.

मेळ्याचं आधी उरकतो. गेली काही वर्षं आमच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते आणि 50 लाखांच्या गाडीवर ती लाखांत जाते, म्हणून इंदूर-भोपाळचे लोक थंडीत इकडे गाडी घ्यायला येतात. पण ती सूट मेळ्यातून घेतलेल्या नव्या गाडीला. पुण्याहून आणलेल्या जुन्या गाडीला तिचा काही उपयोग नाही. उलट एनओसी आणून मध्य प्रदेशचा टॅक्स पुन्हा भरावा लागेल, आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला भाग परत मिळवायला तिथल्या आरटीओत खेटे घालावे लागतील. हे पैसे मालकाच्या सहा लाखांत धरलेले नाहीत, तुमच्या खिशातून वेगळे जाणार.

आता भावाचं. लिमिटेड एडिशन म्हटलं की आपण आकडा बघतो. तो आकडा कुणी ठरवला आणि का, हे कुणी विचारत नाही. 2018 पासून परदेशी कंपनीला उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इथली पूर्ण चाचणी न करता वर्षाला 2,500 पर्यंत आणता येतात. जीटीआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस याच वाटेने येतात. म्हणजे 150 हा आकडा आयातीच्या सोयीचा आणि इथल्या बाजाराच्या अंदाजाचा. जर्मनीत ही गाडी हजारोंनी बनते. गंमत म्हणजे 1976 ची पहिली जीटीआयसुद्धा 5,000 च काढायची ठरली होती. त्या एका पिढीच्याच साडेचार लाखांवर निघाल्या.

महाग का, तेही समजून घ्या. समजा गाडी बंदरात 20 लाखांना उतरली. 40,000 डॉलरच्या आतल्या गाडीवर 70 टक्के ड्यूटी, झाले 34. त्यावर सध्याचा 40 टक्के जीएसटी, झाले साडेसत्तेचाळीसच्या वर. त्यात कंपनी आणि डीलरचा वाटा घाला. 2025 मध्ये गाडी आली तेव्हाच्या 53 लाखांच्या शोरूम किमतीतला मोठा हिस्सा असाच सरकारी तिजोरीत गेला. तो दुर्मीळपणाचा भाव नाही, आणि कराचे पैसे पुढचा गिऱ्हाईक तुम्हाला भरून देत नाही.

ज्यांना फोक्सवॅगनचीच पोलो जीटीआय आठवते त्यांना हे सांगायला नको. 2016 च्या नोव्हेंबरात आली, फक्त 99 गाड्या, 25 लाख 65 हजार. म्हणजे तुमच्या 150 पेक्षाही कमी. तरी पुढच्याच वर्षी कंपनीने किंमत 20 लाखांच्या आत आणली. ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतली होती त्यांचे चेहरे आठवा! गाडी उत्तम होती, पण त्या पैशात तीन दारांची हॅचबॅक घेणारे 99 लोकसुद्धा चटकन मिळाले नाहीत.

खऱ्या महागड्या गाड्यांतही असंच होतं. पोर्शेने 2016 मध्ये 911 आर काढली, मोजून 991. चार लिटरचं इंजिन, फक्त मॅन्युअल गिअर. त्या वेळच्या जीटी3 मध्ये मॅन्युअल मिळतच नव्हतं, म्हणून लोकांनी छापील किमतीच्या कितीतरी पट मोजले. पुढच्या वर्षी पोर्शेने जीटी3 टूरिंग आणली, मॅन्युअल, मागचा मोठा पंख नाही, आणि आकड्याचं बंधनही नाही. 911 आरचे भाव घसरले. 991 चे 992 झाले नव्हते, आकडा तोच होता. म्हणून मालकाला एवढंच विचारा, “दुसरी खेप येणार नाही हे कंपनीने कुठे लिहून दिलंय?”

याच्या उलट फेरारी एफ40. साधारण 400 काढायचा बेत होता, निघाल्या 1,300 वर, आणि तरी आज ती कोटींत जाते, कारण एन्झो फेरारींच्या हयातीतली ती शेवटची. मॅक्लारेन एफ1 च्या 300 काढायच्या होत्या. मंदीत गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून 106 वर थांबल्या. 2021 मध्ये त्यातली एक 2 कोटी डॉलरच्या वर विकली गेली. आणि तुमच्याच इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर, यांची अमेरिकन डुसेनबर्ग एसजे घ्या, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली. तिच्यावर ‘इतक्यांपैकी इतकावी’ अशी पट्टी नाही. तशी दुसरी बनलीच नाही, विषय संपला.

आता माझ्या खात्यातली गोष्ट, जी विकणारा कधी सांगणार नाही. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या शोरूम किमतीवरून निघते. दुसऱ्या वर्षात त्यातून 20 टक्के घसारा. 53 लाखांची गाडी कागदावर 42 लाख 40 हजार. तुमचे सहा लाख ऑन, भरलेला रोड टॅक्स, यातलं काही त्यात नाही. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारा जादा विमा, घेतला तरी ऑन त्यात येत नाही, आणि दुसऱ्या मालकाला तो सहसा देत नाहीत. बँकही कर्ज देताना ऑन धरत नाही, तो रोखीतच जाणार. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आणि आयात गाडीचं बिल फुगायला फार जोराची धडक लागत नाही: एक हेडलॅम्प, बंपरमागचे सेन्सर, रेडिएटर सपोर्ट, दोन एअरबॅग, झालं.

टायरचंही ऐका. 225/40 आर18, रबराची भिंत नऊ सेंटिमीटरची. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या खोदून बुजवलेल्या रस्त्यावर एक खड्डा चुकवायचा राहिला की टायरला फुगा येतो. गाडीला दुसरं काही झालं नसेल तर नुसत्या टायरचा क्लेम मिळत नाही, आणि दोन्ही झालं तरी टायरचे निम्मेच.

इतकं असून घ्या का म्हणतो? कारण 265 पीएस, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वळणावर पकड ठेवणारा पुढच्या चाकांचा डिफरेन्शियल लॉक, आणि पाच माणसं बसतात. या पैशात इथे बहुतेक उंच एसयूव्ही मिळतात, त्या वळणावर झुकतात. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये हेच इंजिन होतं आणि डिकी मोठी. 49 लाख 99 हजारांच्या त्या शंभर गाड्यांची बुकिंग उघडली आणि मिनिटांत संपली. ही हौस आहे, आणि हौसेला पैसे मोजण्यात काही वावगं नाही. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

मालकाला बिलाची किंमत वजा पहिल्या वर्षाचा घसारा असा आकडा सांगा. तो हसेल. महिनाभर थांबा, त्याची जाहिरात तशीच असेल तर पुन्हा फोन करा. तोवर पॉलिसी नंबर मागून आधीचे क्लेम बघून घ्या, कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा, आणि गाडी रॅम्पवर चढवून चारही अलॉय आतल्या बाजूने तपासा. चाक वाकलेलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही.