जर्मनीत येऊन पाच महिने झाले, तरी रोजचं जगणं परकंच वाटतं. सवय कधी होते?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात, काम छान चाललंय, घरही मिळालंय. पण संध्याकाळी दार लावून आत आलं की फार काही केलेलं नसतानाही अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं. टेबलावरची पत्रं उघडावीशी वाटत नाहीत. पहिल्या दोन महिन्यांपेक्षा हे आता वाढलंय, म्हणून परत जावं का, असं विचारताय.

मी 2016च्या सप्टेंबरात हॅनोव्हरला आले. माझे सगळ्यात वाईट दिवस फेब्रुवारीत आले, म्हणजे तुमच्यासारखेच पाच महिने झाल्यावर. त्यामुळे आधी हे सांगते: उशिरा येणारा हा थकवा अगदी नेहमीचा आहे. स्वेर लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने 1955 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांशी बोलून त्याने पाहिलं, की सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक त्यातल्या त्यात रुळले होते. मधल्या काळातले सगळ्यात अस्वस्थ होते. नंतरच्या अभ्यासांत हा आलेख सगळ्यांना लागू पडला नाही, त्यामुळे तारखा मोजत बसू नका. पण सुरुवात बरी गेली आणि मग मन खचलं, हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही.

थकवा कशाचा, ते मला फार उशिरा कळलं. ओळखीच्या जागी आपण दिवसभरात कितीतरी गोष्टी लक्ष न देता करतो. इथे प्रत्येकीला लक्ष द्यावं लागतं. दही घ्यायला गेलं तर सारख्याच दिसणाऱ्या डब्यांवर योगर्ट, क्वार्क, श्मांड, झाउअर राम अशी चार नावं. पैसे देताना गल्ल्यावरची बाई इतक्या वेगाने वस्तू पुढे ढकलते की पिशवीत भरायची की पाकीट काढायचं ते सुचत नाही. प्लास्टिकची बाटली टाकून द्यायची नसते, यंत्रात परत घातली की 25 सेंट मिळतात, पण बियरची काचेची बाटली असेल तर 8 सेंट. रिकामी बरणी टाकायची तर पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेचे डबे वेगळे. यातलं काहीच अवघड नाही. दिवसभर एकामागून एक येतं म्हणून माणूस दमतो. मोठी माणसं असून आपल्याला साधा दिवस पार पाडता येत नाही, हे आतून फार लागतं. मला तरी घरच्यांच्या आठवणीपेक्षा हे जास्त लागायचं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की दिवसातल्या जमतील तितक्या गोष्टी विचार न करता होतील अशा करून टाका. सुरुवातीचे काही महिने एकच दुकान, ठरलेली वेळ, तीच यादी. नवं शहर पाहायची हौस आत्ता बाजूला राहिली तरी चालेल. मी दर गुरुवारी संध्याकाळी एकाच दुकानात जायचे. तिसऱ्या महिन्यात मला बाटल्यांचं यंत्र कुठे आहे हे शोधावं लागलं नाही आणि त्या दिवशी घरी येताना मला चक्क हलकं वाटलं.

पत्रांचं वेगळं सांगते, कारण तिथे माझं नुकसान झालं. इथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं. मी पहिली खोली एकाकडून पोटभाडेकरू म्हणून घेतली होती. पेटीवर त्याचंच नाव होतं आणि माझं लावायला हवं हे त्याने सांगितलं नाही, मलाही कळलं नाही. पत्ता नोंदवला की अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो. तो परत गेला. आरोग्यविम्याचं कार्डही परत गेलं. करक्रमांक नसल्यामुळे माझ्या पहिल्या पगारातून सहाव्या, म्हणजे सगळ्यात चढ्या करवर्गाने पैसे कापले गेले. नंतर ते मिळाले, पण तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. तुमचं नाव पेटीवर आणि बेलवर, दोन्हीकडे आहे ना, ते आजच बघा.

आणि पत्रं साठवू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, चहा घेऊन बसा आणि सगळी एका दमात उघडा. फोनने भाषांतर केलं तरी चालतं. पिवळ्या पाकिटातलं, म्हणजे कोर्टाचं किंवा सरकारी कचेरीचं पत्र मात्र त्याच दिवशी उघडायचं आणि पाकीटही जपून ठेवायचं, कारण पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं असेल तर ते खरंच असतं, फसवणूक नव्हे. दर घरामागे महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. तुम्ही कुणाबरोबर राहत असाल आणि ती व्यक्ती भरत असेल, तर तिचा वर्गणी क्रमांक कळवला की तुमचं काम झालं. पाच महिने झालेत म्हणून जाता जाता आणखी एक: गाडी चालवत असाल तर भारतीय परवाना इथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

आता भाषा. ऑफिस इंग्रजीत चालतं म्हणून जर्मन शिकायची गरज वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यावर मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. कामाला लागत नसेलही. जिन्यात, दवाखान्याच्या फोनवर, बेल वाजल्यावर लागते. दिवसाचे जे तास तुम्हाला परके वाटताहेत, ते सगळे ऑफिसच्या बाहेरचेच आहेत. जवळपास प्रत्येक शहरात फोल्क्सहोखशूलं असते, म्हणजे प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था. तिथले भाषेचे वर्ग खाजगी शिकवण्यांपेक्षा बरेच स्वस्त असतात आणि वर्गातले सगळे तुमच्यासारखेच अडखळत असतात. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर आला असाल तर हिशेबही सोपा आहे: जर्मनची ए1 ही पहिली पातळी असेल तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज 27 महिन्यांनी करता येतो, बी1 ही मधली पातळी असेल तर 21 महिन्यांनी.

एक गोष्ट आपल्याला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर कळते. जर्मनमधलं ‘झी’ आणि ‘डू’ हे आपलं तुम्ही आणि तू. अनोळखी मोठ्या माणसाला झी. डू म्हणायचं की नाही हे वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं, आपण नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, मराठीत आपण आयुष्यभर हेच केलेलं असतं. ही भाषा अगदीच परकी नाही, असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं. वाक्य सुरू करताना ‘इश लेर्नं नोख’, मी अजून शिकतेय, एवढं म्हटलं की बहुतेक लोक हळू बोलतात. समोरचा इंग्रजीत शिरला तरी तुम्ही जर्मनमध्येच उत्तर द्या.

लोक तोंडावर बोलतात, त्याने तुम्ही दुखावले गेलात असंही तुम्ही लिहिलंय. माझा प्रसंग सांगते. नोव्हेंबरात मी एक मोठं खोकं न मोडता तसंच कागदाच्या निळ्या डब्यात कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारासमोर होतं, वर चिठ्ठी: खोकी सपाट करून टाकावीत, डबा सगळ्यांचा आहे. खाली खालच्या मजल्यावरच्या आजींची सही. खोक्यावरच्या पत्त्यावरून त्यांना माझं नाव कळलं होतं. मी दोन दिवस जिन्यात पावलं ऐकली तरी दार उघडत नव्हते. शेवटी समोरासमोर आलोच, तर त्यांनी हसून गुटन टाग म्हटलं आणि विचारलं, थंडीचं जाकीट पुरेसं जाड आहे ना. चिठ्ठी लिहिली तेव्हाच त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मी तो मनात धरून बसले होते. तेव्हापासून असं कुणी काही सांगितलं की मी दोनच गोष्टी बघते: सांगितलं ते खरं आहे का आणि दुसऱ्या दिवशी ती व्यक्ती नमस्कार करते का. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर हो असतं. सगळंच असं निर्मळ नसतं हेही खरं. कुणी तुमच्या रंगावरून किंवा देशावरून बोललं तर तो स्पष्टवक्तेपणा नाही, तो अपमान आहे. तो गिळू नका. ऑफिसात घडलं तर लेखी कळवा.

रविवार मला सगळ्यात जड जायचा. दुकानं बंद, रस्ते रिकामे, ड्रिल मशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत. हे नुसतं वळण नाही, राज्यघटनेत आहे: 1919च्या वायमार घटनेतलं 139 वं कलम आजच्या घटनेने 140 व्या कलमातून तसंच्या तसं घेतलंय. रविवार आणि सुट्ट्या हे कामातून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून जपले जातील, असं त्यात म्हटलंय. ते वाचल्यावर या शांततेचा राग कमी झाला, पण एकटेपण कमी झालं नाही. ते कमी झालं सकाळी अकराला घराबाहेर पडायचंच हे ठरवल्यावर. हवा कशीही असो, तळ्याकाठी तासभर चालणं. डिसेंबरात हॅनोव्हरला साडेआठला उजाडतं आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसच्या दिवसांत उजेड जवळजवळ दिसतच नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो सोडायचा नाही.

घरी फोन करण्याबद्दल: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे होतात आणि भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. ऑफिसातून सहाला आलात तर तिकडे साडेदहा, आईबाबा पेंगुळलेले. पहिल्या हिवाळ्यात आमचे फोन याच कारणाने तुटक होत गेले आणि त्यांना माझं लक्ष उडालंय असं वाटू लागलं. मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बोलायला लागलो. रोज बोलता म्हणून तुम्ही इथे रुळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

मैत्रीसाठी मला एकच मार्ग खरोखर उपयोगी पडला: दर आठवड्याला त्याच लोकांना, त्याच वेळी, एखाद्या कामासाठी भेटणं. जर्मनीत त्यासाठी फेराइन असतात, खेळांपासून बागकामापर्यंत कशाचीही मंडळं. मी सोमवारच्या गायनवृंदात जाऊ लागले. शब्द कळत नव्हते, पण गाताना तेच शब्द वीस वेळा म्हटले जातात, त्यामुळे उच्चार बसले. चार महिने कुणी घरी बोलावलं नाही. पाचव्या महिन्यात मी तापामुळे गेले नाही, तर दोघींनी मेसेज करून विचारलं. मराठी मित्रमंडळी असतील तर ती जरूर ठेवा, आजारपणात तीच धावून येतात. सोबत एक तरी जागा अशी हवी, जिथे तुम्ही आला नाहीत हे इथल्या कुणाच्या तरी लक्षात येईल.

परत जायचं का, हे मी ठरवू शकत नाही. परत गेलात तर तुम्ही हरलात असं मी तरी मानणार नाही. फक्त तो निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्ये घेऊ नका. मेमधली एक तारीख लिहून ठेवा आणि तोवर रोज तोच वाद मनाशी घालू नका. पण झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल, सकाळी उठवतच नसेल, तर मेची वाट बघायची नाही. हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि हे जसंच्या तसं सांगा. 116117 या नंबरवरून मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेटही ठरवून मिळते. आणि जीव नकोसा वाटला तर 112, हा आपत्कालीन नंबर.

सवय कधी झाली ते विचारलंत. मला दिवस सांगता येतो. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्या खोकंवाल्या आजींचं पार्सल आलं, त्या घरी नव्हत्या, म्हणून मी घेतलं. इथे कुरियरवाले तसं करतात आणि ज्याचं पार्सल त्याच्या पेटीत कार्ड टाकतात, पार्सल कुठल्या शेजाऱ्याकडे आहे ते लिहून. संध्याकाळी आजी वर आल्या. हातातल्या कार्डावर माझं आडनाव होतं, त्या माणसाने पेटीवरून बघून अगदी बरोबर लिहिलेलं. मी पार्सल दिलं, त्या जिना उतरल्या, आणि मी भाजी ढवळायला आत गेले.