नाईटमधला ‘के’ कुणी खाल्ला?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीला आहे, सेमी इंग्लिश. स्पेलिंग टेस्टच्या आदल्या दिवशी घरात नुसती रडारड. परवा तिने विचारलं, आई, नाईट म्हणजे घोड्यावरचा सरदार, त्यात ‘के’ बोलायचा नाही, ‘जीएच’ पण बोलायचं नाही, मग लिहायचं कशाला? मला काही सांगता आलं नाही. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, तिला सांगा की एकेकाळी ते सगळं बोलायचे. इंग्रज कवी चॉसर कविता लिहीत होता त्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटी, हा शब्द साधारण ‘क्निख्त’ असा ऐकू यायचा, ‘के’ ठणठणीत आणि ‘जीएच’चा घशातून ‘ख’. इंग्रजी मूळची जर्मनच्या भाऊबंदकीतली, पाचव्या शतकात अँगल्स, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या आजच्या उत्तर जर्मनी-डेन्मार्ककडून समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या त्यांच्याबरोबर आलेली, आणि जर्मन माणूस गुडघ्याला अजूनही ‘क्नी’च म्हणतो, ‘के’सकट. स्कॉटलंडमध्ये रात्रीला ‘निख्त’ म्हणणारे आजही सापडतात. लंडनकडच्या लोकांनी आधी घशातला ‘ख’ सोडला, मग सतराव्या शतकाच्या आसपास ‘के’ही सोडला. लिहिण्यात मात्र दोन्ही राहिले ते राहिलेच.

का राहिले, तर छपाई. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि स्पेलिंग हळूहळू पक्कं व्हायला लागलं, पण नेमके त्याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. ‘नेम’ आधी जवळपास ‘नाम’ होतं (आपल्या ‘नाम’चंच लांबचं भावंड), ‘हाउस’ला ‘हूस’ म्हणायचे, ‘टाइम’ला ‘टीम’, आणि हे सरकणं दोन-तीनशे वर्षं चाललं. म्हणजे शिंप्याने माप घेतलं तेव्हा पोरगं वाढत होतं, आणि तोच सदरा अजून अंगात आहे.

कॅक्स्टन बिचारा तरी काय करणार, छापायची कुठली इंग्रजी हाच त्याला प्रश्न होता. 1490 मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने किस्सा दिलाय: काही व्यापारी टेम्सवरून जहाजाने निघाले, वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्याला उतरले, त्यातल्या एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली, ‘एग्ज’ म्हणून. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही बाबा. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसऱ्याने ‘आयरन’ (लोखंड नव्हे, अंडीच) हवेत असं सांगितलं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गंमत म्हणजे ‘आयरन’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, आणि ‘एग’ स्कँडिनेव्हियाकडून येऊन इंग्लंडच्या उत्तरेला राहिलेल्या व्हायकिंगांचा. शेवटी टिकला तो व्हायकिंगांचाच. कॅक्स्टन पुढे विचारतो, सांगा आता, माणसाने लिहायचं तरी काय?

आणि काही अक्षरं तर पंडितांनी उगाच घुसडलीत, याचा मला खरंच राग येतो. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात, तो फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच, पण लॅटिनमध्ये ‘डेबिटम’ आहे म्हणून विद्वानांनी आणून बसवला, आणि तो आजतागायत कुणी उच्चारलेला नाही. बेटाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चक्क चुकीचा, लॅटिन ‘इन्सुला’शी नातं आहे अशा समजुतीने आलेला, नातं काहीच नाही.

दुरुस्ती करायला कुणी धजावलं नाही असं नाही. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टरने ‘कलर’मधला ‘यू’ काढला तो लोकांनी मानला, पण जिभेच्या ‘टंग’चं स्पेलिंगही त्याने सोपं करून पाहिलं ते काही चाललं नाही. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरकारी छपाईत 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरा असा आदेश काढला, पेपरांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला, आदेश गुंडाळावा लागला. आपल्याकडे बघा, ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांच्यावरचे न बोलले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या नियमांनी काढून टाकले, शासनाने 1962 मध्ये ते नियम मान्य केले आणि पाठ्यपुस्तकं बदलली. इंग्रजीला असं महामंडळच नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये तशी मागणी केली होती, ती हवेतच विरली.

मुलीसाठी एक करा. असे शब्द पाठ करताना आधी जुन्या पद्धतीने मोठ्याने म्हणू द्या, ‘क-नाईफ’, ‘क-नी’, ‘क-नॉट’. हसत हसत ‘के’ लक्षात राहतो. टेस्टमध्ये बोलून दाखवायचं नसतंच ना.

प्रश्न : एका माणसासाठी ‘दे’ वापरणं ही आजकालची फॅशन आहे ना? मुलाच्या निबंधात ‘समवन लेफ्ट देअर बॅग’ होतं, मी खोडून ‘हिज’ केलं तर तो माझ्याशीच वाद घालतोय. – निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, या वेळी मुलाची बाजू घ्यावी लागतेय. माणूस कोण ते माहीत नसताना एकासाठी ‘दे’ वापरणं चौदाव्या शतकापासून लेखी सापडतं. एखाद्या व्यक्तीने स्वतःसाठी ‘दे’ निवडणं हा वापर त्यामानाने नवा, पण तुमच्या वाक्यात तो नाहीच. मुळात ‘दे’ हाही व्हायकिंगांकडून आलेला, म्हणजे सर्वनामसुद्धा उसनं! आणि ‘यू’ काय होतं? अनेकवचन. एकट्यासाठी ‘दाऊ’ होता, आपल्या ‘तू’सारखा, पण आदर दाखवायला मोठ्यांना ‘यू’ म्हणता म्हणता तोच सगळ्यांना लागू झाला आणि ‘दाऊ’ मागे पडला, आता मुख्यतः प्रार्थनेत, जुन्या कवितेत आणि यॉर्कशायरकडच्या काही जुन्या लोकांच्या बोलण्यात उरलाय. ‘बाबा आले’ म्हणणाऱ्यांना तरी एका माणसाला अनेकवचन हे विचित्र वाटायला नको. बोर्डाच्या पेपरात मात्र तपासणारे कसे असतील सांगता येत नाही, तिथे ‘हिज ऑर हर’ लिहून मोकळं व्हावं.

प्रश्न : ‘प्रीपोन’ चूक की बरोबर? ऑफिसमध्ये पैज लागलीये. – आयटीवाला, हिंजवडी

उत्तर : ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, ‘बरोबर’वर पैज लावली असेल तर जिंकलात. पण क्लायंट अमेरिकेचा असेल तर मेलमध्ये मीटिंग लवकर घेतोय असं सरळ लिहा, नाहीतर तो आधी शब्दाचा अर्थ विचारेल आणि मीटिंग पोस्टपोन होईल.

प्रश्न : मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द आहे का, की आपण फक्त घेतच राहिलो? – वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आहे की, ‘मंगूस’. आपलं मुंगूस सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत पोचलं (आणि मराठीकडेही ते द्रविड भाषांमधून आलं असावं, तेलुगूत बघा, ‘मुंगिस’). पण स्पेलिंगच्या शेवटी इंग्रजांनी हंसाच्या जातीतला ‘गूस’ आणून बसवला, त्या बिचाऱ्या पक्ष्याचा मुंगसाशी काडीचा संबंध नाही. त्यामुळे अनेकवचन करताना भल्याभल्यांची गडबड होते, ‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून ‘मंगीस’ लिहून बसतात. ‘मंगूसेस’ लिहा.