टर्बोप्रॉप घेण्याआधी इंजिन तपास

मित्रा, फ्लाइट सिम्युलेटरसाठी नवं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं विमान) येतंय म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, ते कळतं. वाट मीही पाहतोय. पण ट्रेलरमध्ये दिसतं ते चकचकीत कॉकपिट आणि पंखांवरचे रिव्हेट. पैसे मोजायचे ते इंजिनासाठी.

किंग एअर, कॅराव्हॅन, पीसी-१२ या सगळ्या विमानांत पीटी६ इंजिन असतं. त्यात गॅस जनरेटर (इंधन जाळून गरम वायू तयार करणारा भाग) आणि प्रोपेलर एका शाफ्टवर नसतात, दोघांना जोडतो तो फक्त गरम वायूचा झोत. त्यामुळे सुरू करताना आधी एनजी (गॅस जनरेटरचा वेग, टक्क्यांत) चढतो आणि प्रोपेलर मागून सावकाश फिरू लागतो. एनजी साधारण १२-१३ टक्क्यांवर आला की इंधन दे. आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) झपकन वर जाऊन मग खाली बसायला हवं. मुद्दाम घाईने, एनजी कमी असतानाच इंधन देऊन बघ. हॉट स्टार्ट (सुरू होताना इंजिन मर्यादेबाहेर तापणं) झालाच पाहिजे! नाही झाला, तर आत इंजिन नाही, नुसता आवाज आहे.

हवेत पॉवर लिव्हर न हलवता प्रोपेलरचे आरपीएम कमी कर. टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा पीळ) वाढायला हवा. एका महागड्या विमानात मला तो घसरताना दिसला, फार वाईट वाटलं.

एटीआर ७२ असेल तर हॉटेल मोड तपास. त्याला एपीयू (जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन) नसतो. जमिनीवर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेकने रोखून तेच इंजिन वीज पुरवतं.

पहिला पॅच (चुका दुरुस्त करणारा अपडेट) येईपर्यंत थांब. तोवर कॅराव्हॅनवर हात बसव.